ख्वाडा घरातच आहे

कुंभवलीच्या नाक्यावरून आत वळलं की आमची चाळ. दहा बाय बाराच्या खोल्या, वर पत्रे, आणि वारा फिरला की एमआयडीसीचा वास थेट ताटात. मागच्या महिन्यात एका रविवारी आम्ही इथं भाऊराव कऱ्हाडेंचा 'ख्वाडा' पाहिला. कुणाचा तरी मागून आणलेला प्रोजेक्टर, भिंतीवर पांढरी चादर, खाली सतरंजी. दुसऱ्या पाळीला जाणारे अर्ध्यातून उठून गेले, पहिल्या पाळीचे अर्ध्यात येऊन बसले. आमच्याकडं सिनेमासुद्धा पाळीत बघावा लागतो.

कॉलेजात जाणारा एक पोरगा सिनेमा चालू असताना म्हणाला, "हा आपला रोड मूव्ही." मागून कुणीतरी हसलं. "कसला रोड? नुसते चालतायत की बिचारे."

दोघंही खरं बोलले. त्या दोघांच्या मधे जे आहे त्यावर मला लिहायचंय. आणि लिहिता लिहिता मी सिनेमावरून घरात येणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मागनं तक्रार नको.

आपल्याला रोड मूव्ही माहीत आहे तो कुणाचा? 'दिल चाहता है' २००१ चा. तीन दोस्त, उघडी गाडी, गोवा. 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' २०११ चा. पुन्हा तीन दोस्त, एकाचं लग्न ठरलेलं, म्हणून स्पेनमधे गाडी घेऊन भटकायचं. रस्त्यात प्रेम भेटतं. दोस्ताशी भांडण मिटतं. माणूस स्वतःला सापडतो. मराठीत उमेश कुलकर्णींचा 'हायवे' २०१५ साली आला. मुंबई-पुणे रस्त्यावरच्या गाड्यांमधली माणसं त्यात आहेत. चांगला सिनेमा आहे, माझं भांडण नाही. पण एक गोष्ट बघा. या सगळ्यांना घर आहे. घर आहे म्हणून घराचा कंटाळा आहे. कंटाळा आहे म्हणून रस्ता गोड लागतो. टाकी फुल्ल करायची, निघायचं, आणि शेवटच्या रिळात परत यायचं. ज्याला परत यायची खात्री असते त्यालाच रस्त्यावर स्वातंत्र्य दिसतं.

आपला रस्ता असा कधी होता, दोस्तांनो?

आपला पहिला रोड मूव्ही १९०१ साली घडला. कॅमेरा नव्हता एवढंच. शाळकरी भीमराव, त्याचा भाऊ आणि मेलेल्या बहिणीची दोन पोरं साताऱ्याहून बापाला भेटायला निघाली. बाप कोरेगावला नोकरीला. पोरांनी नवे कपडे घातलेले, गाडीत बसायचा आनंद. मसूर स्टेशनावर उतरली तर न्यायला कुणी आलेलं नाही, पत्र पोचलंच नव्हतं. स्टेशनमास्तरनं जात विचारली आणि तो मागं सरकला. एकही गाडीवान महारांच्या पोरांना बसवायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही या अटीवर की पोरांनी गाडी हाकायची आणि तो बाजूनं चालणार. जेवण बरोबर होतं, पाणी नव्हतं. रात्रभर पाणी मिळालं नाही म्हणून जेवणही झालं नाही. बापाला भेटायला निघालेल्या लेकरांचा हा प्रवास बाबासाहेबांनी पुढं स्वतः लिहून ठेवला. कुटुंब आहे, रस्ता आहे, बापाची माया आहे. आणि मधे जात आडवी पडलेली आहे.

दुसरा रोड मूव्ही अण्णाभाऊ साठेंचा. १९३१ च्या सुमारास वाटेगावहून मुंबईला सगळं कुटुंब पायी आलं. वाटेत मिळेल ते काम करायचं, मिळेल तिथं पडायचं, पुन्हा चालायचं. मुंबईत पोचेपर्यंत महिने गेले.

तिसरा माझ्या घरातला. माझे आईबाप बीडचे. ऊसतोडीचे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दसरा झाला की टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. मुकादम आधी उचल देतो. ती उचल एका माणसाला मिळत नाही, जोडीला मिळते. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. म्हणून आमच्याकडं पोरापोरींची लग्नं मिसरूड फुटायच्या आत लागतात. घरात कोयता वाढला पाहिजे. माझ्या आईचं लग्न चौदाव्या वर्षी लागलं आणि लग्नानंतरचा तिचा पहिला प्रवास साखर कारखान्याच्या फडाकडं. हनिमून म्हणा. पाचटाच्या कोपीत.

आई एकच गोष्ट हसून सांगते. तिला दिवस गेले होते. गडी ऊस तोडतो, बाईनं मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची, अशी रीत. बाप तिच्या वाटणीच्या मोळ्या स्वतः उचलायला लागला. टोळीतली माणसं हसली. मुकादम म्हणाला, बाईलवेडा आहे. बाप काही बोलला नाही, मोळी उचलत राहिला. आमच्या घरातली प्रेमकथा एवढीच. यात गाणं नाही. पण मी अजून यापेक्षा मोठी प्रेमकथा पाहिलेली नाही. ही मोळी लक्षात ठेवा, शेवटी ती परत येणार आहे.

आता 'ख्वाडा'.

भाऊराव कऱ्हाडेंनी आपली जमीन विकून हा सिनेमा उभा केला, हे आता सगळ्यांना माहीत आहे. नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजातून शिकलेला शेतकऱ्याचा पोरगा. मुंबईत ओळख नाही, पाठीशी स्टुडिओ नाही. ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सिनेमाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, आणि जागेवरच्या ध्वनिमुद्रणासाठी महावीर सब्बनवाल यांना पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर २०१५ मधे तो थिएटरात लागला. या आवाजाच्या पुरस्काराकडं पोरांनी दुर्लक्ष करू नये. आपली माणसं पडद्यावर आली तरी त्यांचा आवाज बऱ्याचदा स्टुडिओत धुऊन, इस्त्री करून लावलेला असतो. इथं मेंढरं, वारा, माणसं जिथं आहेत तिथला आवाज आहे. आमच्या खोलीत तो स्पीकरमधून आला तेव्हा शेजारची म्हातारी दारात येऊन विचारायला लागली, "शेरडं कुणाची आली रं?" परीक्षकांनी दिलं त्याहून हे बक्षीस मोठं.

गोष्ट साधी. रघू कऱ्हे, धनगर. शशांक शेंडेंनी केलाय. त्याची जमीन वनखात्याकडं गेलेली, तिच्यासाठी तो वर्षानुवर्षं कोर्टात. जमीन नाही म्हणून बिऱ्हाड घेऊन मेंढरांमागं चालायचं. आज या गावाच्या शिवारात वाडा, उद्या त्या गावाच्या. धाकटा पोरगा बाळू, म्हणजे भाऊसाहेब शिंदे. अंगानं पैलवान, डोक्यात लग्न. त्याला बायको पाहिजे, एका जागी घर पाहिजे. आणि वाटेत एका गावचा सरपंच आडवा येतो. सत्ता आहे, माणसं आहेत, आणि रस्त्यावरच्या धनगराला कुणी वाली नाही हे त्याला पक्कं माहीत आहे. तो या बिऱ्हाडाला नागवत जातो. बाप सोसतो, कारण उद्या पुन्हा याच वाटेनं जायचं आहे. पोरगा किती सोसणार? एक दिवस तो उसळतो.

ख्वाडा म्हणजे खोडा. अडथळा. शहरी रोड मूव्हीत रस्ता मोकळा असतो आणि अडथळा माणसाच्या मनात असतो. मन मोकळं झालं की सिनेमा संपतो. 'ख्वाडा'त माणसाचं मन मोकळंच आहे. बाळूला काय पाहिजे ते त्याला पहिल्यापासून ठाऊक आहे. स्वतःला शोधायला त्याला स्पेनला जायची गरज नाही. अडथळा बाहेर आहे, आणि त्याला नाव आहे, गाव आहे, पद आहे. माझ्या मते या सिनेमाचं खरं मोल यात आहे. प्रेम ही काळजातली गोष्ट आहे असं आपल्याला गाण्यांनी शिकवलं. हा सिनेमा सांगतो की प्रेमाला जागा लागते. चार खांब, एक चूल, आणि उद्या कुणी उठवणार नाही एवढी खात्री. ज्याच्या बापाची जमीन गेली त्याचं लग्नसुद्धा सातबाऱ्यावर अडकलेलं असतं.

काही पोरं विचारतील, धनगर आपले कुठले? ते भटक्या जमाती 'क' मधे, आपण वेगळे. आणि त्यांच्या आरक्षणाच्या मागणीवरून त्यांना आदिवासींच्या समोर उभं केलेलं आहे. ठीक. पण १९७३ चा पँथरचा जाहीरनामा काढा. दलित कोण, याचं उत्तर त्यात जातीच्या एका खणात बसवलेलं नाही. अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, पिळले जाणारे सगळे. रघूची जमीन ज्या कायद्याच्या रेट्यानं गेली त्याच रेट्यानं आमच्या पालघरच्या वारल्यांची गेली. इंग्रजांनी जंगलावर कुंपण घातलं, १९२७ चा कायदा स्वातंत्र्यानंतर तसाच चालू राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं कसणाऱ्याचा हक्क मान्य केला आणि भटक्या पशुपालकांचा चराईचा हक्कही मान्य केला. कागदावर धनगर आणि वारली एका कलमाखाली बसले. कागदाबाहेर दोघांना एकमेकांवर सोडलंय.

आता 'सैराट'. त्याच्याशिवाय हे बोलणं पुरं होत नाही. नागराज मंजुळेंचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला. आपण सगळे थिएटरात नाचलो. पण रस्त्याच्या नजरेनं तो पुन्हा बघा. पहिल्या अर्ध्यात रस्ता आर्चीचा आहे. बुलेट तिची, ट्रॅक्टर तिचा. पाटलाची पोरगी आहे, वाट तिला आडवी येत नाही. जात ओलांडली त्या रात्रीपासून तिच्याकडं वाहन उरत नाही. पळायचं, गाडीखाली यायचं राहून गाडीत चढायचं, परक्या शहरात झोपडीत लपायचं. म्हणजे जातीबाहेर प्रेम करणाऱ्याचा सिनेमा आपोआप रोड मूव्ही होतो, कारण घर त्याच्या मागं लागलेलं असतं. आणि शेवटी ते घर त्यांना गाठतं, माहेरचा आहेर घेऊन.

'सैराट' लागला त्याच्या आदल्या दिवशी खर्ड्याच्या नितीन आगेला जाऊन दोन वर्षं झाली होती. २८ एप्रिल २०१४. सतरा वर्षांचं पोर, वरच्या जातीच्या पोरीशी बोलतो म्हणून शाळेतून ओढून नेऊन मारलं. नोव्हेंबर २०१७ मधे आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फिरले होते. नितीनला तर पळायला रस्ताही मिळाला नाही.

एवढं सगळं मी त्या रविवारी सिनेमा संपल्यावर पोरांना सांगितलं. चांगलं बोललो. टाळ्या पडल्या. मग मी घरी गेलो.

घरी माझी धाकटी बहीण भिंतीकडं तोंड करून झोपलेली, आणि आई भांडी आपटत होती.

आता खरं ते सांगतो. माझी बहीण एमआयडीसीत एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला आहे, कंत्राटी. त्याच खात्यात एक पोरगा हेल्पर. हायवेच्या पलीकडचा, मनोरच्या पुढं त्याचा पाडा. वारली. दोन वर्षं झाली त्यांचं जमलंय. शिफ्ट सुटली की एकाच रिक्षातून बोईसरला जायचं, स्टेशनाबाहेर वडापाव खायचा, आणि तो एसटीला, ही परत कुंभवलीला. त्यांचा रोड मूव्ही एवढा. चार-पाच किलोमीटरचा.

बहिणीनं आईला सांगितलं. आई उडालीच. "आरं, आपून बाबासायबाचे. शिकल्याले. ते जंगलातले लोक. ताडी पेणारे. देवाला कोंबडं कापणारे. माझी बारावी शिकल्याली पोरगी म्या त्या घरात देऊ?"

मी आईला काय बोललो? काही नाही. चपला घातल्या आणि नाक्यावर गेलो. चहा पिला. पोरांशी जागतिक राजकारणावर बोललो.

बीडला मामाला फोन गेला. मामा म्हणाला, समाजात तोंड दाखवता येणार नाही. समाज! ज्या समाजाला गावाच्या विहिरीनं तोंड दाखवलं नाही तो समाज आता तोंडाची भाषा करतोय. मामा पुढं म्हणाला, "आणि पोरं झाली तर दाखला कुठला काढायचा?" या प्रश्नावर मी हसणार नाही. आपल्या हातात त्या दाखल्याशिवाय आहे काय? दाखल्यानंच मी कॉलेज पाहिलं. मामाची भीती खरी आहे. पण भीती खरी असली म्हणून माणसाची निवड चुकीची ठरत नाही. भीतीचा उपाय कायद्यात शोधावा, पोरीला कोंडून नव्हे.

पोराच्या घरीही आनंद नाही. त्याच्या बापाचं म्हणणं, बाहेरून आलेल्यांनी जमीन नेली, जंगल नेलं, आता पोरगाही नेणार. म्हातारा खोटं बोलत नाही. आमच्या जिल्ह्याचे रस्ते बघा. तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प १९६९ पासून इथं आहे. त्याच्या ३ आणि ४ नंबरच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. मुंबई-अहमदाबाद हायवे इथूनच. मुंबई-वडोदरा एक्स्प्रेसवे इथूनच. बुलेट ट्रेनचं स्टेशन बोईसरला. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली, त्याला जोडणारे रस्ते आणि रूळ पुन्हा याच मातीतून. ज्याच्या शेतातून रस्ता जातो तो त्या रस्त्याच्या कडेला उभा राहून गाड्या मोजतो. आणि पावसाळा सरला की तोच वारली, तोच कातकरी, बायकोपोरांसकट वीटभट्टीवर निघतो. तिथंही आधी उचल, तिथंही सगळं कुटुंब एका हिशोबात. माझ्या आईबापाचा कोयता आणि त्यांची वीटभट्टी. फरक सांगा मला.

फरक एवढाच की आपण आधी सुटलो. बाप ऊसतोड टाकून इथं आला, केमिकलच्या ड्रमांवर तीस वर्षं काढली, आणि चार वर्षांपूर्वी खोकत खोकत गेला. पण मला शिकवून गेला. बाबासाहेबांनी आपल्याला खेड्यातून बाहेर पडायला शिकवलं. १९४८ साली घटना समितीत खेड्याच्या कौतुकावर त्यांनी असा घाव घातला की गांधीवाल्यांना तो अजून दुखतो. आपण बाहेर पडलो. आणि बाहेर पडताना खेडं पोटात घेऊन आलो. कुंभवलीच्या चाळीत आम्ही आमची गावकी मांडली आणि वारल्याला वेशीबाहेर उभं केलं.

आणखी एक ऐका. आपली म्हणतात ती 'सुधारलेली' लग्नं बघा. हुंडा आहे, फक्त नाव बदललंय. गाडी, फर्निचर, हॉल. मंगल परिणय म्हणून पत्रिका छापायच्या आणि पोरीच्या बापाला कर्जात घालायचं. वारल्यांत रीत उलटी. पोराकडच्यांनी पोरीकडच्यांना देज द्यायचं. लग्न लावते ती धवलेरी, बाई असते. ऐपत नसेल तर जोडपं आधी एकत्र राहायला लागतं, संसार करतं, आणि पैसा जमला की लग्नाचा विधी मागनं उरकतं. कधी कधी स्वतःची पोरं त्या लग्नात नाचतात. त्यात सगळं सोनं आहे असं मी म्हणत नाही. दारिद्र्यातून आलेल्या रीती आहेत, देज हाही बाईचा मोलभावच आहे. पण जिला तुम्ही जंगली म्हणता तिथं बाई लग्न लावते, आणि आपल्या बौद्ध लग्नात किती वेळा बाई पुढं उभी राहून विधी करते? मागास कोण, याचा हिशोब एकदा नीट होऊ द्या.

'ख्वाडा'वर माझा एक आक्षेप आहे तो इथंच लिहितो. सिनेमा बापाचा आणि पोराचा आहे. बाळूला लग्न करायचंय हे कळतं, पण बिऱ्हाडातल्या बायकांच्या मनात काय चाललंय तिथं कॅमेरा फार थांबत नाही. चूल मांडणारी, उचलणारी, पुन्हा मांडणारी बाई. तिला विचारलं असतं, तुला कसलं घर पाहिजे, तर वेगळाच सिनेमा झाला असता. पण मी कऱ्हाडेंना कुठल्या तोंडानं बोलू? माझ्या खोलीत एक पोरगी भिंतीकडं तोंड करून पडली होती आणि मी तिला विचारलं नव्हतं.

त्या रात्री तीच उठून बसली. म्हणाली, "दादा, तू सिनेमावर काय बोललास ते मला मैत्रिणीनं सांगितलं. चांगलं बोललास म्हणे. सरपंच म्हणजे व्यवस्था, असं काहीतरी. मग आपल्या घरातला सरपंच कोण?"

दोस्तांनो, मला या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. सरपंच मीच होतो. हात न उचलणारा, चपला घालून नाक्यावर जाणारा, चांगलं बोलणारा सरपंच.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवलं की जात मोडायला रक्त मिसळलं पाहिजे. सहभोजनानं भागणार नाही, बेटीव्यवहार लागेल, आणि त्याच्याआड येणारी शास्त्रांची श्रद्धा उखडावी लागेल. लाहोरच्या मंडळाला ते भाषण पचलं नाही म्हणून संमेलनच रद्द झालं. आपण ते पुस्तक डोक्यावर घेऊन नाचतो. पण ते सवर्णांसाठी लिहिलंय असं आपण सोयीनं धरून चाललोय. त्यांनी आपल्याशी लग्न करावं, ही क्रांती. आपण आपल्याहून गरिबाशी करावं, हे मात्र 'समाजात तोंड'. सवर्णाची सून आली की आपण हॉल मोठा घेतो. मांगाचा, वारल्याचा, कातकऱ्याचा जावई आला की घराचं दार लहान होतं. हे जोवर आहे तोवर जात फक्त वरून खाली वाहते असं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. ती आपल्या हातूनही वाहते.

कुणी म्हणेल, चळवळीच्या पानात घरचं भांडण कशाला? मोठे प्रश्न आहेत. आहेत. कंत्राटी कामगार आहे, प्रदूषण आहे, नवापूरच्या समुद्रात जाणारं सांडपाणी आहे. पण मी विचारतो, कंपनीच्या गेटवर माझा बौद्ध पोरगा आणि त्याचा वारली पोरगा खांद्याला खांदा लावून का उभे राहत नाहीत? कंत्राटदाराला हे नेमकं कळतं. स्थानिक आणि परप्रांती, बौद्ध आणि आदिवासी, अशा टोळ्या पाडून तो रोज गेट चालवतो. घरात जे दार आपण लावतो त्याचीच किल्ली त्याच्या खिशात असते.

कुणी म्हणेल, सिनेमानं काय होणार? होतं. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या याच हायवेवरून माणसं पायी गेली. सुरतेकडून आली, मुंबईकडून आली, डोक्यावर पोरं, हातात पिशव्या. आम्ही पाण्याच्या बाटल्या वाटल्या आणि विसरलो. पाच वर्षांनी नीरज घायवाननं 'होमबाउंड' केला, एक दलित आणि एक मुसलमान दोस्त अशाच रस्त्यावर उभे केले, आणि तो सिनेमा २०२५ साली भारताकडून ऑस्करला पाठवला गेला. त्याच्या मागं मोठ्या निर्मात्याचा पैसा होता, म्हणून तो तिथवर गेला. कऱ्हाडेंसारख्याचं काय होतं? २०२३ साली त्यांच्या 'टीडीएम'ला थिएटरात शो मिळेनात, दिग्दर्शकाला आणि नव्या पोरांना जाहीरपणे डोळ्यांतून पाणी काढायची वेळ आली. जमीन विकून सिनेमा करता येतो, पण पडदा विकत घेता येत नाही. पडदा त्यांच्या मालकीचा. म्हणून पडदा आपण टांगला पाहिजे. चादर आपल्याकडं आहे. चाळ आहे, पाडा आहे, समाजमंदिर आहे. तिथं दाखवा. दाखवून झाल्यावर बत्ती लावा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: तुझ्या घरातला सरपंच कोण?

आणि ज्यांच्या हातात मोबाइल आहे त्यांनी आपल्या आईचा कोयता, आपल्या बापाचा ड्रम, शेजारणीची वीटभट्टी यांचे सिनेमे करा. कुणाची वाट बघू नका.

आता माझ्या घरचं पुढचं. बहीण आणि तो पोरगा पळून जाणार नाहीत. तिनंच ठरवलंय. म्हणते, मी काय चोरी केली? लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं करायचं. त्याची नोटीस तीस दिवस कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लागते. ज्या कायद्यानं जातीबाहेरच्या जोडप्याला संरक्षण द्यायचं, तोच कायदा त्यांचा पत्ता महिनाभर भिंतीला लावतो. त्या तीस दिवसांत बीडहून कोण येईल, पाड्यावरून कोण येईल, सांगता येत नाही. त्या तीस दिवसांत मी नाक्यावर जाणार नाही. दारात बसणार आहे. चळवळीतल्या पोरांनी त्यातला एकेक दिवस वाटून घ्यावा, एवढं मी या पानातून उघड मागतो. भाषण नको, दारात येऊन बसा. चहा मी करीन.

आईशी मी अखेर बोललो. कायदा सांगितला नाही, बाबासाहेबांचं पुस्तक वाचून दाखवलं नाही. तिला एवढंच विचारलं, "आई, तुझ्या मोळ्या दादांनी उचलल्या तेव्हा टोळी हसली होती ना? तुला काय वाटलं होतं?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हसू दे म्हनलं. माझं ओझं तर त्यानं घेतलं."

"मग हा पोरगा पावसात हिची डब्याची पिशवी धरून स्टेशनापर्यंत चालतो, त्याला काय म्हणायचं?"

आई म्हणाली, "बघू." एवढंच. हो म्हणाली नाही. तिनं हो म्हटलं असं लिहिलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, पण ते खोटं झालं असतं.

येत्या रविवारी मी आईला घेऊन त्या पाड्यावर निघालोय. कुंभवलीहून रिक्षानं बोईसर, तिथनं एसटी, हायवे ओलांडून मनोर, आणि पुढं उतरून पायवाट. पोराचा बाप वनपट्ट्याच्या कागदांची पिशवी घेऊन बसेल, असं पोरगा म्हणाला. येणाऱ्या प्रत्येक शिकलेल्या माणसाला तो ती पिशवी दाखवतो. मी ते कागद वाचून देईन. आई त्यांच्या चुलीपाशी बसेल की बाहेर उभी राहील, मला माहीत नाही.

बाबासाहेबांच्या त्या बैलगाडीला एकशेवीसच्या वर वर्षं झाली. गाडीवान बाजूनं चालत होता, आपल्याबरोबर बसायला तयार नव्हता. रविवारच्या एसटीत आपण कुठल्या जागेवर आहोत हे एकदा बघून घेऊ. गाडीत बसलेल्या पोरांच्या, की बाजूनं चालणाऱ्या गाडीवानाच्या?